आधी तास की आधी स्पर्धा?

शाळांमधून बुद्धिबळ वाढावं असं मनापासून वाटणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, स्पर्धा घ्या, मुलं आपोआप येतील. दुसरा म्हणतो, आधी शाळेत शिकवा, स्पर्धेचं नंतर बघू. पुण्या-मुंबईत हा वाद टोकाला जात नाही, कारण तिथे शिकवणारेही आहेत आणि स्पर्धाही. शहाद्यात तो टाळता येत नाही. पैसा, माणसं आणि मोकळे रविवार, तिन्ही इथे मोजकेच. एकीकडे ऊस, केळी, पपईचा सधन पट्टा आणि त्यातल्या मोठ्या शाळा, तर दुसरीकडे सातपुड्याच्या पायथ्याची गावं आणि आश्रमशाळा. गावात रेल्वे नाही, त्यासाठी नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठावं लागतं. बाहेरच्या स्पर्धेला मूल न्यायचं म्हणजे पालकाचा एक-दोन दिवसांचा रोज बुडतो.

म्हणून ही दोन्ही मतं मी समोरासमोर बसवली आहेत. नाना आणि ताई ही पात्रं माझी, प्रश्न मात्र तालुक्याचे. नाना निवृत्त क्रीडाशिक्षक, हाडाचे संयोजक. ताई म्हसावदच्या पुढे डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतात.

नाना : ताई, सरळ विचारतो. एखाद्या रविवारी शहाद्यात दीडशे मुलं पटावर बसवली तर त्यात वाईट काय? स्पर्धेची तारीख पडली की शाळा जागी होते. मुख्याध्यापक विचारतात, आपल्याकडून कोण जाणार? मग कपाटातला पट बाहेर निघतो. हरवलेल्या हत्तीच्या जागी खडूचा तुकडा उभा करून का होईना, मधल्या सुट्टीत डाव सुरू होतात. तारीख नसली की पट कपाटातच राहतो.

ताई : तारखेने शाळा जागी होते हे मान्य. पण जायला निवड कोणाची होते, नाना? ज्याला घरी वडिलांनी नाहीतर काकांनी शिकवलंय त्याची. त्याला आधीपासून जे येतं ते स्पर्धा मोजते आणि हातात चषक देऊन त्याला घरी पाठवते. माझ्या वर्गातल्या मुलीला घोडा अडीच घरं कसा चालतो हेच अजून कोणी सांगितलेलं नाही. तिच्यासाठी त्या रविवारी काय आहे?

नाना : तिला बघायला मिळेल. मुलं बघूनच शिकतात. सांगलीचं उदाहरण घ्या. १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ निघालं. सांगली तेव्हा काही महानगर नव्हतं. पण भाऊसाहेब पडसलगीकरांनी स्पर्धांची परंपरा धरून ठेवली. बाहेरगावचे चांगले खेळाडू तिथे येऊन खेळायचे आणि गावातली मुलं पटाभोवती उभी राहून बघायची. भाग्यश्री साठे, पुढे स्वाती घाटे, अशा मुली त्यातून घडल्या. स्पर्धा नसत्या तर हे झालं असतं का?

ताई : सांगली तर माझ्या बाजूची साक्षीदार आहे. भाऊसाहेबांनी स्पर्धा घेतल्या हे खरं, पण त्यांनी आयुष्य घातलं ते मुलांना शिकवण्यात. स्पर्धेचे दिवस संपल्यावरही मंडळ होतंच. आता शेजारच्या गुजरातेकडे बघा. २४ डिसेंबर २०१० रोजी अहमदाबादेत एकाच वेळी २०,४८० खेळाडू पटावर बसले होते, विश्वनाथन आनंद स्वतः हजर होते. जागतिक विक्रम झाला, आणि तो करणाऱ्यांच्या मेहनतीला माझा नमस्कारच आहे. पण अशा दिवशी घरी गेलेल्या मुलाला पुढच्या आठवड्यात डाव खेळायला जोडीदार मिळाला की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मला तेच कळून घ्यायचंय.

नाना : विक्रमाची हौस मलाही नाही. मला हवी आहे वर्दळ. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. वय एकोणीस. त्या एका विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, दिव्याही महिला संघातून सुवर्ण घेऊन आली. अशा बातम्या आल्या की आपल्याकडचे पालकही विचारतात, आमच्या पोरीला कुठे शिकवू? त्या वेळी दाखवायला आपल्याकडे काहीतरी असायला हवं.

ताई : बरोबर. पण तो पालक विचारतो 'कुठे शिकवू', आणि आपण त्याला सांगतो 'अमुक तारखेला या'. त्याने विचारलंय एक आणि आपण देतोय दुसरंच.

नाना : मग तुमचं म्हणणं काय, प्रत्येक शाळेत बुद्धिबळाचा शिक्षक नेमा? कोण नेमणार?

ताई : नेमायचा नाही. असलेल्या शिक्षकालाच तयार करायचं. पहिल्या काही आठवड्यांसाठी फार खेळ यावा लागत नाही. मी सुरुवातीला मुलांना सगळ्या सोंगट्या मांडूनच देत नाही. दोन्ही बाजूंची फक्त आठ-आठ प्यादी. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. दोन तासांत मुलांना कळतं की प्यादं सरळ चालतं, तिरकं मारतं, आणि मागे येत नाही. मग राजा येतो, मग हत्ती. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या मांडेपर्यंत मुलाने कितीतरी डाव पूर्ण केलेले असतात. आमच्याकडे मुलं वसतिगृहातच राहतात, संध्याकाळचा वेळ हाताशी असतो. शिवाय वर्गात कोणी भिलोरी बोलतं, कोणी पावरी. मराठीच्या तासाला गप्प बसणारं पोर पटावर गप्प राहत नाही, कारण तिथे त्याला वाक्य जुळवावं लागत नाही.

नाना : हेच मी मुख्याध्यापकांना सांगतो, फक्त जरा वेगळं. म्हणतो, बुद्धिबळ खेळलं की गणित सुधारतं. लगेच परवानगी मिळते.

ताई : ते म्हणू नका, नाना. कळकळीने सांगते.

नाना : का? जगभर म्हणतात. आर्मेनियाने तर २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचं केलं.

ताई : म्हणतात, पण तपासलं तेव्हा काय निघालं तेही बघा. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेऊन मोठा प्रयोग झाला, चार हजारांवर मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा दोन गटांत वाटल्या. एका गटातल्या मुलांना सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकवलं, दुसऱ्या गटाचं नेहमीचं शिक्षण चालू ठेवलं. वर्षभराने गणिताची परीक्षा झाली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०१६ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. उद्या एखाद्या पालकाने आपल्याला धरलं, 'तुम्ही म्हणाला होता गणित सुधारेल, पोराला तर तेवढेच मार्क,' तर तो मुलाला बुद्धिबळातूनही काढून घेईल.

नाना : मग सांगायचं काय? 'खेळ चांगला आहे' एवढ्यावर कोणी तास देत नाही.

ताई : कबड्डीने गणित सुधारतं का? तरी कबड्डीला मैदान देतातच ना? जे खरं आहे ते सांगायचं. मूल अर्धा तास एका जागी बसून कोणालाही न विचारता स्वतः निर्णय घेतं. चुकलं तर दोष पंचाला देता येत नाही की पावसाला. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवून उठतं. आणि ज्याला हा खेळ आवडला त्याला म्हातारपणापर्यंत पुरतो. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

नाना : ठीक. गणिताचं यापुढे बोलणार नाही. पण मग तुम्हीही एक कबूल करा. वर्गात एकमेकांशीच खेळून मूल एका जागी थांबतं. वर्गातल्या पहिल्याला वाटतं, आपल्यावर कोणी नाही. त्याला बाहेरचा जोडीदार दाखवायला स्पर्धाच लागते.

ताई : कबूल. माझी तक्रार स्पर्धा कशी घेतात त्यावर आहे. शालेय स्पर्धांत वेळ कमी पडला की बाद पद्धत लावतात. चौसष्ट मुलं आली तर पहिल्या फेरीनंतर बत्तीस घरी. पहाटे उठून घाट उतरून आलेलं मूल वीस मिनिटांत मोकळं होतं आणि दिवसभर गाडी सुटायची वाट बघत बसतं.

नाना : त्याला उपाय १८९५ पासून आहे. त्या साली झुरिकमध्ये पहिल्यांदा स्विस पद्धतीने स्पर्धा झाली. कोणी बाद होत नाही. जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी, गुण जुळतील तशा जोड्या लागतात. चौसष्ट मुलांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण डाव होतात ६३. स्विसच्या सहा फेऱ्या घेतल्या तर १९२. पट तेवढेच, दिवस तोच, आणि प्रत्येक मुलाचे सहा डाव. जोड्या लावायला संगणकाची प्रणाली आहे. घड्याळं कमी असली तरी अडत नाही. फेरी विनाघड्याळ सुरू करायची, वीस मिनिटांनी जे डाव उरतील तेवढ्याच पटांवर घड्याळ ठेवायचं आणि दोघांना पाच-पाच मिनिटं द्यायची. जेवणाच्या सुट्टीसकट पाच-सहा तासांत सगळं उरकतं.

ताई : हे तुम्ही प्रत्येक वेळी कराल?

नाना : मी घेईन त्या प्रत्येक स्पर्धेत. आणखी एक सांगतो. संख्या विषम झाली की खालच्या गुणांतल्या एका मुलाला 'बाय' मिळतो. फुकटचा गुण मिळतो, पण खेळायला कोणी नसतं. म्हणजे ज्याला डावाची सर्वांत जास्त गरज, तोच बसून. मी एक खेळाडू राखून ठेवतो, संयोजकांतलाच कुणीतरी. संख्या विषम झाली की तो बसतो.

ताई : मग शेवटच्या पटांबद्दलच बोलू. तिथे काय चालतं ते तुम्ही पाहिलंय.

नाना : पाहिलंय तर. समोरच्याचा एकटा राजा उरलेला, याच्याकडे राजा आणि वजीर. जिंकलेलाच डाव. पोर आनंदाने वजीर दामटत नेतं, समोरचा राजा पार कोपऱ्यात कोंडतं, आणि वजीर नेमका त्या कोपऱ्यापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर ठेवतं. राजाला शह नाही, हलायला एकही घर नाही. कुजी. डाव बरोबरीत. पोराला काय झालं तेच कळत नाही. ते हात वर करून पंचाला बोलावतं, पंच बघतो, अर्धा-अर्धा गुण लिहितो आणि पुढच्या पटाकडे जातो.

ताई : पुढे जातो! माझा सगळा आक्षेप त्या दोन शब्दांवर आहे. पंचाची चूक नाही, त्याला चाळीस पट बघायचे असतात. पण मुलाला शिकायची इच्छा त्या क्षणी जितकी असते तितकी वर्षभरात पुन्हा नसते. त्या वेळी कोणीतरी त्याला शेजारच्या खोलीत नेऊन वजीर एक घर मागे ठेवून दाखवायला हवं. आपला राजा जवळ आण, मग मात दे. दहा मिनिटांचं काम. ते मूल जन्मात पुन्हा ती चूक करणार नाही.

नाना : शेजारच्या खोलीत टेबल मांडू. दोन शिक्षक बसवू. ज्याचा डाव आधी संपेल त्याने तिथे यायचं, डाव पुन्हा मांडायचा. चषकांची संख्या कमी करून त्या शिक्षकांचं मानधन काढू.

ताई : असं असेल तर माझ्या शाळेची मुलं मी स्वतः घेऊन येते.

नाना : थांबा, आता माझी मागणी. वर्षातून एक तरी स्पर्धा मानांकनाची हवी. आपल्या पोराने शाळेत कितीही डाव जिंकले तरी जागतिक महासंघाच्या यादीत नाव येत नाही. नाव यायला मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. २०२४ च्या मार्चपासून यादीची पायरीच १४०० वर नेलीय, म्हणजे तिथे पोचणं आणखी अवघड. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जळगावात अकरा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या खानदेशात देशभरची मुलं आली! तिथे शहाद्याचं पोर बसायचं असेल तर वाट इथूनच सुरू व्हायला हवी.

ताई : मानांकनाची स्पर्धा घेतली की सुरत, इंदूर, धुळे, नाशिकचे तयार खेळाडू येतील, वर प्रवेश शुल्कही वाढेल. बक्षिसं बाहेर जातील, आपली मुलं खालच्या पटांवर हरत बसतील. पहिलाच अनुभव तो असला तर दुसऱ्यांदा कोण येईल?

नाना : पहिलाच असू नये, हे खरं. पण कधीच नसावा का? तयार खेळाडूकडून हरण्यातही शिकणं असतं. आपण मुलांना फक्त एकमेकांतच खेळवलं तर त्यांच्यावर प्रेम केल्यासारखं वाटेल, पण त्यांची वाट आपणच अडवू.

ताई : मग अट घाला. ज्या शाळेत सलग काही महिने तास चालला, त्याच शाळेच्या मुलांचं शुल्क संयोजक भरतील. आणि मुलींचा विचार वेगळा करा. तुमच्या याद्यांत मुली किती असतात?

नाना : कमी. मोठ्या गटात तर अगदीच कमी. म्हणून मुलींचा वेगळा गट ठेवतो.

ताई : वेगळं बक्षीस ठेवा, पण खेळू द्या सगळ्यांशी. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. विरोध झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, स्त्रियांना कोणत्याही स्पर्धेतून वगळता येणार नाही. रोहिणीने हे करून दाखवलं त्याला अर्धशतक होत आलं. आपल्या तालुक्यात मुलगी पुढच्या स्पर्धेला येत नाही ती हरली म्हणून नाही. तिच्यासोबत कोणी बाई माणूस नसतं आणि परतायला रात्र होते, म्हणून. शिक्षिकेचा प्रवासखर्च द्या आणि चारच्या आत बक्षीस समारंभ उरका. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

नाना : भाषणं कमी करायला लागतील.

ताई : करा. आणि तारीख दिवाळीच्या आत ठेवा. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, लहान मुलं आईबापांबरोबर जातात, ती होळीला परततात. जानेवारीत स्पर्धा ठेवली तर ही मुलं यादीतून आपोआप गळतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना आवडच नाही.

नाना : माझ्या डोक्यात जानेवारीच होता. हवा चांगली, हॉल मिळतो. बरं, जूनला शाळा उघडली की तास सुरू, आणि दिवाळीआधी स्पर्धा. असं धरू.

ताई : आणि एक स्पर्धा डोंगराकडे. प्रत्येक वेळी आमचीच मुलं खाली का यावीत? शहाद्याची मुलं एकदा आमच्या शाळेत येऊ देत. पट आमचे, पाहुणे तुम्ही.

नाना : येऊ. मानांकनाचं मात्र मी सोडणार नाही.

ताई : मीही माझी अट सोडणार नाही.

दोघांचं पूर्ण एकमत झालेलं नाही आणि व्हावं अशी गरजही नाही. मानांकनाची स्पर्धा पहिल्या वर्षी घ्यावी की तिसऱ्या, यावर नाना आणि ताई पुढेही भांडतील. तो वाद चांगला आहे, कारण दोघांचीही नजर एकाच मुलावर आहे. बुद्धिबळाचं शालेय काम फसतं ते स्पर्धा जास्त झाल्याने किंवा कमी झाल्याने नाही. स्पर्धा आणि तास वेगवेगळ्या माणसांच्या हाती राहतात आणि एकमेकांना विचारत नाहीत, तिथे ते फसतं. संयोजकाला शाळेत पुढे काय झालं ते ठाऊक नसतं. शिक्षकाला स्पर्धेत मूल कसं हरलं ते कळत नाही. दोघांमध्ये मूल एकटं पडतं आणि खेळ सोडतं. तक्रार कोणी करत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझं मत ताईंच्या क्रमाकडे झुकतं: आधी तास, मग स्पर्धा. नानांची घाईही मला हवी आहे, कारण तारीख ठरल्याशिवाय तास सुरू होत नाहीत हे त्यांचं निरीक्षण खोटं नाही. तेव्हा जूनमध्येच दिवाळीआधीची तारीख जाहीर करावी आणि प्रवेश अर्जावर एकच प्रश्न छापावा: शाळेत आठवड्याचा तास कोणत्या वारी असतो? उत्तर नसेल त्या शाळेला नाकारू नये, तिथे आधी एक शिक्षक पाठवावा.

बक्षीस समारंभानंतर पेपरला बातमी जाते. तीत पहिल्या तिघांची नावं असतात, पाहुण्यांची असतात. शहाद्याच्या संयोजकांनी त्या बातमीत आणखी दोन आकडे द्यायला सुरुवात करावी: मागच्या वर्षी खेळलेल्या मुलांपैकी यंदा किती परत आली, आणि त्यांत मुली किती. हे आकडे वाढत असतील तर स्पर्धा चांगली झाली. घटत असतील तर चषक कितीही मोठा दिला तरी पुढच्या जूनमध्ये कामाला त्या आकड्यांपासूनच सुरुवात करायची.